न झालेल्या सामन्याचे गुण

निमंत्रणपत्रिकेवर 'तत्त्वज्ञान' आणि 'क्रिकेट' हे दोन शब्द एकाच ओळीत पाहून काहींना तो मुद्रणदोष वाटला असेल. तसं नाही. आज बोलायचं आहे ते हौशी क्रिकेटमधल्या एका किरकोळ दिसणाऱ्या नियमाबद्दल. तो नियम लिहायला बसलं की न्याय या कल्पनेची जी ओढाताण होते, तिच्याबद्दलही.

प्रश्न असा. साखळी स्पर्धा चालू आहे. रविवारी सकाळी सामना आहे. एक संघ मैदानावर हजर आहे, पंच आलेत, स्टंप रोवलेत. समोरच्या संघाची पाच मुलं आलीत, सहावा लोकलमध्ये आहे, बाकीच्यांचे फोन लागत नाहीत. नियमात दिलेली वेळ संपते आणि पंच सामना बहाल करतात. वर्तमानपत्राच्या भाषेत हजर संघाला 'पुढे चाल' मिळाली, मैदानावरच्या भाषेत वॉकओव्हर. आता गुणतक्त्यात काय लिहायचं?

सगळ्यांचं उत्तर तयार असतं. जो आला त्याला विजयाचे पूर्ण गुण, जो आला नाही त्याला शून्य. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. कारण ते फक्त दोघांचा विचार करतं, आणि साखळी स्पर्धेत दोघंच कधी नसतात.

'पुढे चाल' हा शब्दच बघा. तो बाद फेरीतला शब्द आहे. बाद फेरीत दोघांपैकी एकानं पुढे जायचं असतं. एक आला नाही, दुसरा पुढे चालू लागला, विषय संपला. तिसऱ्या कुणाचा त्यात फारसा संबंध नाही. साखळीत मात्र पुढे कुणी चालत नाही, सगळे एकाच तक्त्यात एकमेकांच्या वर-खाली उभे असतात. एकाला चार गुण दिले की दुसरा कुणीतरी आपोआप खाली सरकतो. तो त्या दिवशी वेगळ्याच मैदानावर आपला सामना इमानदारीनं खेळत होता. त्याला कुणी विचारलेलंही नसतं.

क्रिकेटचे जे मूळ नियम एमसीसी करते, त्यांतला सोळावा नियम निकालाचा आहे. जो संघ हार कबूल करतो, किंवा पंचांच्या मते खेळायला नकार देतो, तो सामना हरला, आणि पंचांनी सामना दुसऱ्याला द्यावा, एवढं तो सांगतो. गुणांविषयी तो काही बोलत नाही, आणि ते योग्यच आहे. गुण ही स्पर्धेची निर्मिती आहे, खेळाची नव्हे. त्यामुळे कोण हरलं हा प्रश्न खेळाचा नियम सोडवतो, आणि गुण किती हा प्रश्न स्पर्धेच्या समितीच्या गळ्यात पडतो. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की भांडणं सुरू होतात. अशा एका स्थानिक स्पर्धेच्या तक्रार समितीवर मी काही वर्षं होतो. तिचं नाव सांगत नाही, कारण त्यातली निम्मी मंडळी इथे बसली असण्याची शक्यता आहे. (हशा)

हौशी स्पर्धांचे तक्ते कुणी जपून ठेवत नाही, म्हणून तिसऱ्याचं नुकसान कसं होतं हे दाखवायला मी मोठ्यांच्या क्रिकेटमधलं उदाहरण घेतो. त्याचा हिशोब छापलेला आहे, कुणालाही ताडून बघता येईल.

१९९६ चा विश्वचषक तुम्हाला आठवत असेल. ३१ जानेवारीला कोलंबोत मध्यवर्ती बँकेवर बॉम्बहल्ला झाला, आणि ऑस्ट्रेलिया व वेस्ट इंडीज यांनी तिथे जायला नकार दिला. श्रीलंकेला दोन्ही सामन्यांचे गुण मिळाले. गटातले पाच सामने, त्यांतले प्रत्यक्ष खेळले तीन, आणि गुण पूर्ण १०. श्रीलंका गटात पहिली. पण त्या वेळी कुणी फार ओरडलं नाही. सहा संघांतले चार पुढे जाणार होते आणि जे चार गेले ते तसेही गेले असते, असं सगळ्यांना वाटलं. तरी वेस्ट इंडीजची धाकधूक झालीच. २९ फेब्रुवारीला आपल्या पुण्यात, नेहरू स्टेडियमवर, केनियानं त्यांना हरवलं. पुढे त्यांनी ऑस्ट्रेलियाला हरवलं नसतं, तर कोलंबोला न जाण्याची किंमत त्यांना कळली असती. श्रीलंकेनं शेवटी चषकच जिंकला, त्यामुळे चर्चाच बंद झाली. यश मिळालं की त्याचा हिशोब कुणी मागत नाही.

२००३ ला मात्र हिशोब बोचला. त्या स्पर्धेत विजयाला ४ गुण होते, बरोबरी किंवा अनिर्णित सामन्याला २. इंग्लंडनं हरारेला जायला नकार दिला, न्यूझीलंडनं नैरोबीला. कारणं वेगवेगळी, पण नियमानं गुण गेले झिम्बाब्वेला आणि केनियाला. इंग्लंडचं काय झालं? झिम्बाब्वे १४, इंग्लंड १२. इंग्लंड बाहेर. इथे तक्रारीला जागा नाही, जो गेला नाही त्यानंच भोगलं.

दुसऱ्या गटात काय झालं ते बघा. अंतिम तक्ता असा: श्रीलंका १८, केनिया १६, न्यूझीलंड १६, वेस्ट इंडीज १४, दक्षिण आफ्रिका १४. पहिले तीन सुपर सिक्समध्ये गेले. न्यूझीलंड गेला नाही नैरोबीला, आणि तरी पुढे गेला. घरी गेले वेस्ट इंडीज आणि दक्षिण आफ्रिका. केनियाला न्यूझीलंडकडून मिळालेले ते चार गुण वजा करा, उरतात १२. सामना पावसानं वाहून गेला असं धरून दोन दिले, तर १४, म्हणजे तिघं एका पायरीवर. आणि गंमत म्हणा किंवा दुःख म्हणा, याच स्पर्धेत वेस्ट इंडीजनं आणि दक्षिण आफ्रिकेनं, दोघांनीही केनियाला सरळ हरवलं होतं.

एवढंच नाही. त्या स्पर्धेत गटातले काही गुण पुढच्या टप्प्यात सोबत न्यायचे होते. जो संघ आपल्याबरोबर पुढे आला त्याच्यावर मिळवलेल्या विजयाचे पूर्ण ४ गुण, आणि जो मागे राहिला त्याच्यावरच्या विजयाचा फक्त १. न्यूझीलंड पुढे आल्यामुळे केनियाचे ते चारही गुण सोबत गेले. एक चेंडूही न पडलेला सामना दोन टप्प्यांत मोजला गेला. केनिया उपांत्य फेरीत पोचला.

आता केनियावर अन्याय करू नका. केनियाचा संघ नैरोबीत तयार होता. शिवाय त्यांनी श्रीलंकेला मैदानावर हरवलं होतं, बांगलादेशला हरवलं होतं. आपल्या देशात सामना भरवायचा, तयारी करायची, आणि पाहुण्यानं यायचंच नाही, याचा अपमान आणि नुकसान दोन्ही त्यांनी सोसलं. त्यांना काहीच द्यायचं नाही? ते चालणार नाही. पण मग वेस्ट इंडीजनं काय केलं होतं? म्हणजे अडचण ही आहे मंडळी, की दोषी एकच आहे आणि निरपराध दोन आहेत, आणि एका निरपराधाला भरपाई देताना ती दुसऱ्या निरपराधाच्या खिशातून जाते.

इथे मला जॉन रॉल्सची आठवण होते. 'अ थिअरी ऑफ जस्टिस' हा त्यांचा ग्रंथ १९७१ चा. त्यात त्यांनी शुद्ध प्रक्रियात्मक न्याय अशी एक कल्पना मांडली आहे. काही ठिकाणी योग्य निकाल कोणता हे ठरवायला बाहेरची वेगळी मोजपट्टी नसते. प्रक्रिया निष्पक्ष असली की तिच्यातून जे येईल ते योग्य. क्रिकेटचा सामना असाच आहे. 'खरं तर तेच जिंकायला हवे होते' या वाक्याला चहाच्या टपरीवर अर्थ आहे, गुणतक्त्यात नाही. पण रॉल्स एक अट घालतात, आणि लोक ती विसरतात. ती प्रक्रिया प्रत्यक्ष पार पडलेली असली पाहिजे. निष्पक्ष प्रक्रियेतून असा निकाल येऊ शकला असता, एवढ्यावरून तो निकाल न्याय्य ठरत नाही. कारण येऊ तर काहीही शकलं असतं.

म्हणजे न झालेल्या सामन्याला 'बरोबर' निकालच नसतो. समितीच्या बैठकीत तासन्‌तास वाद चालतो तो असा: 'तो संघ आला असता तरी हरलाच असता हो!' दुसरा म्हणतो, 'अहो, मागच्या वर्षी त्यांनीच आम्हाला ७० धावांत गुंडाळलं होतं.' दोघंही असा निकाल शोधताहेत जो कुठेच नाही. तो शोध सोडून द्या. निकाल शोधायचा नाही, तर नुकसान वाटून घ्यायचं आहे. हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरं सापडतात.

या वेगळ्या प्रश्नासाठी ॲरिस्टॉटल जास्त उपयोगी. 'निकोमॅकियन एथिक्स'च्या पाचव्या भागात तो न्यायाचे दोन प्रकार करतो. एक वाटपाचा न्याय: योग्यतेच्या प्रमाणात वाटा. दुसरा दुरुस्तीचा न्याय: एकानं दुसऱ्याचं नुकसान केलं, ते भरून काढा, आणि तिथे कोण मोठा कोण लहान हे बघू नका. गुणतक्ता हा वाटपाचा मामला आहे. कोण किती चांगलं खेळलं त्याप्रमाणे जागा. आणि सामन्याला न येणं हा दुरुस्तीचा मामला आहे. मैदानाचं भाडं गेलं, पंचांचं मानधन गेलं, जेवणाचे डबे सांगितलेले होते, मुलांचा रविवार गेला. आपण करतो काय, तर दुरुस्तीचं देणं वाटपाच्या वहीतून फेडतो. मैदानाच्या भाड्याची भरपाई गुणांत करतो! पैशाचं नुकसान पैशात भरून द्या. जो संघ आला नाही त्यानं मैदान, पंच, चेंडू यांचा खर्च समोरच्याला द्यावा, आणि तो दिल्याशिवाय पुढचा सामना खेळू नये. हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं आणि वसूल कुणी करत नाही. रविवार गेला तो गेलाच, त्याची भरपाई कशातच होत नाही, आणि होते असं ढोंगही करू नये.

मग गुणांचं काय? माझं म्हणणं एवढंच, की दोन खाती वेगळी ठेवा. जो आला त्याला काय मिळावं हे एक खातं. जो आला नाही त्याचं काय जावं हे दुसरं. एकाचं जितकं गेलं तितकंच दुसऱ्याला मिळालं पाहिजे असा कुठेही नियम नाही. हे एकदा मान्य केलं की बरेच गुंते सुटतात.

उदाहरण देतो, मुंबईच्या पावसाचं. कांगा लीग तुम्हाला माहीत आहे. १९४८ पासून चालत आलेली, डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची, भर पावसाळ्यात खेळायची स्पर्धा. ओली खेळपट्टी, गुडघाभर गवत, आणि सामने वाहून जाणं हे तर नित्याचं. आता कुठल्याही पावसाळी स्पर्धेत असं घडलं असं समजा. नियम समजा विजयाला ४, पावसानं रद्द झाला तर दोघांना २-२. शनिवारी संध्याकाळी एका संघाचा निरोप येतो, 'उद्या आमची अकरा मुलं होत नाहीत, सामना सोडतो.' ठीक. रविवारी पहाटेपासून पाऊस कोसळतो आणि शहरातला एकही सामना होत नाही. सगळ्यांना २-२ गुण. आणि या एका भाग्यवान संघाला ४? का, तर त्यांचा प्रतिस्पर्धी शनिवारी म्हणाला की मी येणार नाही, आणि रविवारी कुणीच येणार नव्हतं!

न्याय-वैशेषिकांनी अभाव हा वेगळा पदार्थ मानला हे आपल्याकडच्या विद्यार्थ्याला पाठ असतं. पण त्यातली खुबी अशी की अभाव नुसता नसतो, तो कशाचा तरी असतो. घट नाही आणि पट नाही, ही दोन वेगळी 'नाही' आहेत. शनिवारचं 'नाही' खेळाडूंचं होतं, रविवारचं 'नाही' मैदानाचं. एका सामन्यावर दोन्ही येऊन बसली, तर कुठल्याचा हिशोब करायचा?

पूर्ण गुणांच्या पद्धतीत याला उत्तर नाही, नुसता आरडाओरडा आहे. दोन खाती ठेवली तर उत्तर सोपं आहे. जो संघ तयार होता, त्याला पावसाचे २ गुण द्या. त्याचं यापेक्षा जास्त काही गेलेलं नाही, आणि इथे हा अंदाज नाही, आपल्याला ठाऊकच आहे की खेळ झाला नसता. जो संघ सोडून गेला, त्याला शून्य आणि वर दंडाचे जे काही गुण असतील ते वजा. त्याचा दोष पावसानं धुतला जात नाही. चारांतले दोन गुण गेले कुठे? कुठेच नाही. ते कुणाचेच नव्हते.

बोनस गुण असलेल्या स्पर्धांत दुसरा पेच येतो. समजा विजयाला १०, आणि धावा-बळींवर मिळून जास्तीत जास्त ५ बोनस. खेळून जिंकणाऱ्यांना साधारण १२-१३ मिळताहेत. पुढे चाल मिळालेल्याला १५ दिले, तर न खेळणं हे खेळण्यापेक्षा फायद्याचं झालं. नुसते १० दिले, तर जो वेळेवर आला तोच बोनसला मुकला. काही जण म्हणतात, त्या संघाची हंगामातली एकूण सरासरी द्या. हे ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण दुबळ्या संघाची सरासरी ५ असेल, तर त्याला समोरचा न आल्याचे पाचच गुण मिळणार, आणि बलवान संघाला त्याच गोष्टीचे १३. न येण्याचा अपराध दोघांविरुद्ध सारखाच झाला. ॲरिस्टॉटलला हे पटलं नसतं. मला मधला मार्ग बरा वाटतो. विजयाचे मूळ १० सगळ्यांना सारखे, कारण विजय नियमानं बहाल केलेला आहे. बोनस मात्र त्या संघाच्या स्वतःच्या बोनसच्या सरासरीनं, कारण धावा आणि बळी कुणी बहाल करू शकत नाही, ते काढावे लागतात.

धावगतीचं थोडं सांगतो. आयसीसीच्या स्पर्धा-नियमांत एक चांगलं कलम आहे. जो संघ खेळला नाही, त्याच्या निव्वळ धावगतीत त्या सामन्याची पूर्ण ५० षटकं धरायची, धावा शून्य. समोरच्याच्या धावगतीला मात्र हात लावायचा नाही. पुन्हा तीच दोन खाती! चार सामन्यांत २०० षटकांत १००० धावा केल्या असतील, तर षटकाला ५ चा वेग. त्यात शून्य धावांची ५० षटकं मिळवा, वेग ४ वर आला. हे कलम नसेल तर काय होतं? हुशार कर्णधाराच्या लक्षात येतं की दोनशे धावांनी हरण्यापेक्षा न गेलेलं बरं, हार तर हार, धावगती तरी शाबूत.

हुशारी काय करू शकते याचं उदाहरण म्हणजे १९७९ चा सॉमरसेट. इंग्लंडमधली बेन्सन अँड हेजेस स्पर्धा. गटात बरोबरी झाली तर गोलंदाजांच्या बळी घेण्याच्या वेगावर निवड व्हायची, आणि तो वेग बिघडू नये म्हणून ब्रायन रोझ या कर्णधारानं एका षटकानंतर, बिनबाद १ धावेवर डाव घोषित केला! वूस्टरशर दहा गडी राखून जिंकलं. नियम एकही मोडला नव्हता. तरी मंडळानं सॉमरसेटला स्पर्धेतून काढून टाकलं. हा सामना 'सोडलेला' होता का? कागदावर नाही. पण हरण्यातच फायदा आहे असं ज्या नियमामुळे वाटतं, तो नियम फाटका आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

मघाशी तिसऱ्या संघाबद्दल बोललो, त्याला मोकळं सोडलेलं नाही. त्याचं नुकसान पूर्ण टाळता येत नाही, कमी करता येतं. पहिली गोष्ट, शक्य असेल तर सामना नंतर खेळवा. त्यासाठी हंगामात एक-दोन रविवार राखून ठेवा. झालेला वाईट सामना हा न झालेल्या चांगल्या निकालापेक्षा बरा. दुसरी, तक्त्यात दोन संघांची बरोबरी झाली, तर पुढे चालीचे गुण बाजूला ठेवून उरलेल्या सामन्यांवर तुलना करा. केनियाच्या बाबतीत यानं फरक पडला नसता, तिथे बरोबरीच नव्हती, हे मान्य. पण आपल्या स्थानिक साखळ्यांत वर चढणं आणि खाली उतरणं बहुतेक वेळा एका-दोन गुणांवर किंवा बरोबरीवरच ठरतं. आणि खाली उतरणं ही लहान गोष्ट नाही. एखादा क्लब खालच्या गटात गेला की त्यातली दोन-चार चांगली मुलं दुसरीकडे जातात, पुढच्या वर्षी अकरा जमवायची मारामार, मग पुन्हा वॉकओव्हर.

तिसरी गोष्ट, शेवटच्या फेऱ्या. ज्या संघाचं आता काहीच पणाला नाही, तो शेवटचा सामना सहज सोडून देतो. त्याला ते सौजन्य वाटतं. पण दुसरा एक संघ त्याच्याच जिवावर बसलेला असतो, 'हे जिंकले तर आम्ही वर जाऊ' म्हणून. आणि ज्याला चाल मिळाली तो जुना दोस्त निघाला, तर संशय येणारच, तो खरा असो वा नसो. म्हणून शेवटच्या दोन फेऱ्यांत सामना सोडणाऱ्याचा दंड जास्त असावा, आणि तो पुढच्या हंगामाच्या खात्यातून वजा व्हावा. या हंगामात त्याला गमावण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

एखादा संघ मधेच स्पर्धा सोडतो तेव्हा काय? यासाठी बुद्धिबळवाल्यांनी साखळी स्पर्धांत चांगली सोय केली आहे. खेळाडूनं निम्म्याहून कमी डाव खेळून माघार घेतली, तर अंतिम क्रमवारीत त्याचे सगळे निकाल धरायचे नाहीत. निम्मे किंवा जास्त खेळले असतील, तर ते निकाल कायम आणि उरलेले डाव प्रतिस्पर्ध्यांना बहाल. निम्म्याची रेघ कुठेतरी ओढायलाच हवी, ती आधी ओढली एवढं महत्त्वाचं. आपल्याकडे ती संघ पळाल्यावर ओढतात.

'आधी' या शब्दावर मी अडून बसतो. ओव्हलवर २० ऑगस्ट २००६ ला चेंडू कुरतडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानचा संघ चहापानानंतर मैदानावर आला नाही. पंच डॅरेल हेअर आणि बिली डॉक्ट्रोव्ह यांनी बेल्स उडवल्या आणि सामना इंग्लंडला दिला. कसोटी क्रिकेटमध्ये असं पहिल्यांदाच झालं. २००८ मध्ये आयसीसीनं तो निकाल बदलून अनिर्णित केला. २००९ मध्ये पुन्हा बदलून इंग्लंडला दिला. पंच बरोबर होते की पाकिस्तान, यावर इथे दोन गट पडतील, त्यात मी जात नाही. पण निकाल आधी असा, मग तसा, मग पुन्हा असा, हे सगळ्यात वाईट. घटना घडून गेल्यावर नियम लावायला बसलं की प्रत्येकाला माहीत असतं आपला फायदा कशात आहे. हंगामाच्या सुरुवातीला बसा. तेव्हा कुणालाच माहीत नसतं की उद्या आपण वाट बघत उभे असू की लोकलमध्ये अडकलेले. रॉल्सचा तो प्रसिद्ध अज्ञानाचा पडदा दुसरं काय सांगतो? जूनमधल्या सभेत तो पडदा फुकट मिळतो. ऑक्टोबरमध्ये लाख रुपये देऊनही मिळत नाही.

त्या बाजूनं चिठ्ठी आली आहे. 'गरीब क्लबांना दंड कशाला? त्यांची मुलं कामावर जातात, शिफ्ट बदलता येत नाही.' प्रश्न रास्त आहे, आणि हौशी क्रिकेट व्यावसायिक क्रिकेटपेक्षा वेगळं आहे ते इथेच. कुरिअर पोचवणाऱ्या मुलाला रविवारी अचानक बोलावलं तर तो काय करणार? म्हणून दंड न येण्याला लावू नका, न सांगण्याला लावा. गुरुवारी कळवलं, तर शून्य गुण, बाकी काही नाही. समोरचा दुसरा मित्रसामना तरी ठरवेल, मैदान परत करेल. शनिवारी कळवलं, तर खर्चाची भरपाई. रविवारी मैदानावर माणसं उभी करून कळवलं, किंवा कळवलंच नाही, तर भरपाई आणि वर गुण वजा. शिफ्ट कुणाच्या हातात नसते, फोन असतो.

दुसरी चिठ्ठी: 'आठच खेळाडू असतील तर यावं का?' यावं. मूळ नियमांत अकराची संख्या आहे, पण अकरापेक्षा कमींनी खेळूच नये असं नाही. किमान किती हे प्रत्येक स्पर्धा स्वतः ठरवते. आठ जण आले, दीडशे धावांनी हरले, तरी तक्त्यात जो निकाल लागेल तो झालेल्या सामन्याचा असेल, आणि त्याबद्दल समितीला, मला किंवा ॲरिस्टॉटलला कुणी काही विचारणार नाही. फक्त समोरच्या कर्णधारानं आठ जणांसमोर नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली, आणि चारशे धावा होईपर्यंत डाव सोडला नाही, तर त्याला काय म्हणायचं, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. (हशा)